अंध मुलांच्या आयांसाठीचा शनिवारचा ग्रुप (पुणे) – माझा अनुभव

आधीच सांगते, जागेचं नाव लिहिणार नाहीये. ग्रुप छोटाय आणि बायका तिथे सासरबद्दल माहेरबद्दल जे काय बोलतात ना, उद्या कुणाची नणंद चौकशी करत तिथे पोचायला नको. पुण्यातलं एक अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर आहे, म्हणजे न दिसणाऱ्या किंवा कमी दिसणाऱ्या लहान मुलांना थेरपी देतात, आणि तिथेच शनिवारी दुपारी आयांसाठी दोन तास बसायचं असतं. फी नाही, डबा ठेवलाय त्यात जमेल ते टाकायचं. तुमच्या गावात असलं काही शोधत असाल तर नेमकं काय बघायचं ते कळावं म्हणून लिहितेय.

माझा मुलगा सातव्या महिन्यात झाला, काचेच्या पेटीत राहिला, आरओपी (वेळेआधी झालेल्या बाळांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार) झालं आणि आम्हाला कळेपर्यंत दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटले होते. आता चार वर्षांचा आहे, उजेड-अंधारही कळत नाही. (कुणाच्या घरात ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ झालं असेल तर बाकी सगळं सोडा आणि पहिल्या ३० दिवसांत रेटिनाच्या डॉक्टरकडून पडदा तपासून घ्या. आम्हाला डिस्चार्जच्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं.)

ग्रुपच्या आधी मी एका ॲपवर पैसे भरून काउन्सेलिंग घेतलं होतं. मुलगी गोड होती बोलायला पण दर वेळी गाडी स्वतःसाठी वेळ काढा यावरच यायची. मी म्हटलं काढते, पोराला कोण बघणार तेवढ्या वेळात? तर म्हणे घरच्यांशी बाउंड्री सेट करा. आमच्या घरात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि नवरा सेकंड शिफ्टला, बाउंड्री काय कुकरशी सेट करू? सेशन चालू असताना पोरगं मांडीवरच असायचं, हेडफोनची वायर ओढत. पॅकेज संपलं आणि मी परत काही घेतलं नाही.

इथे पहिली गोष्ट म्हणजे मुलं दारातच घेतात. शेजारच्या खोलीत मोबिलिटी (न दिसता चालायला-वावरायला) शिकवणाऱ्या मॅडम आणि कॉलेजच्या दोन-तीन पोरी असतात, पातेली, घुंगरं, तांदळाचं घमेलं असलं सगळं खेळायला. आणि आई म्हणून तुम्हाला त्या खोलीत जायची परवानगीच नाही! पहिल्या शनिवारी मी भिंतीला कान लावून बसले होते, कुणी काही बोललं नाही, सगळ्याच जणी तसं करतात म्हणे सुरुवातीला. माझ्या मते सगळी किंमत या एका गोष्टीची आहे, बाकीचं काही नसतं तरी मी गेले असते. कारण बाकी जिथे जाऊ तिथे आई म्हणजे मुलाला आणणारी, थेरपीचा होमवर्क घरी नेणारी, फॉर्म भरणारी. यूडीआयडी कार्डाच्या (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) रांगेत, हॉस्पिटलात, थेरपीत सगळीकडे मी अमक्याची आई. इथे ताई (सोशल वर्कर आहेत, पन्नाशीच्या असतील) नावाने हाक मारतात आणि पहिला अर्धा तास मुलाचा विषयच काढू देत नाहीत. पहिल्यांदा सगळ्या गप्प बसल्या की हो, बोलायला दुसरं काही सुचेचना. मग एकीने सिरियलचा विषय काढला आणि गाडी सुरू झाली.

आता खरं सांगायचं ते. मुलगा पाच-सहा महिन्यांचा होता तेव्हा मी जवळ जाऊन बोलले की तो एकदम निपचित व्हायचा, हसायचा नाही, तोंडही दुसरीकडे वळलेलं. मी मनात धरून बसले होते की याला मी आवडतच नाही, आई कोण आणि शेजारीण कोण याला फरक पडत नाही. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, आईने बोलायची गोष्ट आहे का ही? ग्रुपमध्ये एक नवीन आई रडत रडत हेच शब्द बोलली आणि मला घाम फुटला. ताई म्हणाल्या, अगं तो निपचित होतो कारण तो ऐकत असतो, ज्याला बघता येत नाही तो हालचाल थांबवून कान लावतो. चेहऱ्याकडे बघू नकोस, हात बघ त्याचे. तुझा आवाज आला की बोटं उघडतात का, तुझ्या बाजूला वळतात का ते बघ. मला आमच्या पोराची बोटं आठवली, ओढणीचं टोक धरून चोळायची सवय होती त्याला तेव्हा, माझीच ओढणी, दुसऱ्या कुणाची नाही. इतक्या डॉक्टरांकडे फिरलो, पडदा किती सुटलाय हे सगळ्यांनी सांगितलं, हे एकानेही सांगितलं नाही.

मग तो दोषाचा विषय. ग्रहण पाळलं होतंस का, हे आमच्या ग्रुपमधल्या जवळपास प्रत्येकीला कुणी ना कुणी विचारलेलं आहे. काय चिरलंस, सुई हातात घेतली होतीस का. ग्रुपमधल्या एकीचं लग्न आतेभावाशी झालंय, मुलीला रेटिनाचा जन्मजात आजार, आणि घरात बोल कुणाला तर हिला एकटीला. एका शनिवारी सेंटरने जेनेटिक काउन्सेलरना (आनुवंशिक आजारांबद्दल समजावून सांगणाऱ्यांना) बोलावलं होतं, त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं की असे बरेच आजार रिसेसिव्ह असतात, बिघडलेला जीन आईकडून एक आणि बापाकडून एक असा दोन्हीकडून यावा लागतो, आणि नात्यात लग्न झालं की दोघांकडे तोच जीन असायची शक्यता वाढते. म्हणजे वाटा अर्धा अर्धा! त्या बाईने फळ्याचा फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही पण पुढच्या शनिवारी जिलबी आणली होती.

झोपेबद्दलही इथेच कळलं. ज्या मुलांना उजेड अजिबात जाणवत नाही त्यांचं शरीराचं घड्याळ चोवीस तासांवर टिकत नाही, रोज थोडं थोडं सरकत जातं, म्हणून काही आठवडे बरे जातात आणि मग परत रात्री दोनला टाळ्या वाजवत बसतात. मला वाटायचं मी शिस्त लावत नाही. डिप्रेशन डिप्रेशन म्हणतो त्यातलं निम्मं माझ्या बाबतीत निव्वळ जागरण होतं. ताईंनी नवऱ्याला बोलावून घेतलं, रात्री वाटून घ्यायला लावल्या आणि झोपेच्या औषधाचं गुगल न करता मुलांच्या डॉक्टरांशी बोला म्हणून बजावलं.

अजून एक काकू येतात, त्यांचा मुलगा पूर्ण अंध आहे आणि आता बँकेत नोकरीला आहे. सगळ्या जणी त्यांना विचारतात मुलगा शिकला कसा. त्या मात्र सांगतात की तो दहावीत असताना मी सहा महिने कुणाशी बोलत नव्हते. हे ऐकायला मिळणं भारी आहे.

आता तक्रारी. सेंटर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, चार वर्षांचं पोर कडेवर घेऊन चढा. शनिवार दुपार म्हणजे दुकानात किंवा धुणीभांड्याच्या कामावर जाणाऱ्या बायका येऊच शकत नाहीत, ज्यांना खरी गरज त्याच बाहेर. भावंडांना ठेवून घेत नाहीत, मग मोठीला कुठे सोडायचं? स्वयंसेवक पोरी परीक्षा आली की गायब आणि मुलं नवीन आवाजाला रडतात. आणि ग्रुपचं व्हॉट्सॲप हा वेगळाच त्रास, स्टेम सेलने दृष्टी परत असले फॉरवर्ड येतात, बिचाऱ्या नव्या आया दिल्लीच्या तिकिटाचा विचार करायला लागतात. ॲडमिनने खडसावायला हवं, खडसावत नाहीत. बारामती-दौंडकडून दोघी एसटीने येतात, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालंय म्हणून परवडतं म्हणाल्या, पण दिवस जातो तो जातोच.

आणि शनिवार लांब असतो, रात्री तीनला ग्रुप काय कामाचा. ताईंनी सगळ्यांच्या फोनमध्ये १४४१६ सेव्ह करायला लावलाय, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाला तरच फोन करायचा असं काही नाही, झोप नाही चिडचिड होतेय एवढ्यावरही करता येतो.

माझ्याकडून पाचपैकी चार. तुमच्याकडे कुणी पॅरेंट सपोर्ट म्हणून बोलावलं तर जायच्या आधी फोन करून विचारा की तेवढा वेळ पोर कोण सांभाळणार, आणि भावंडं चालतात का. सोबत घेऊन बसा म्हणाले तर तो आईचा ग्रुप नाही, थेरपीचा अजून एक तास आहे.