पावसात पारखलेली ठिणगीची कांडी

शेकोटी पेटवण्यासाठी मिळणारी फेरोसेरियमची कांडी, म्हणजेच फेरो रॉड, मी गेली दोन वर्षे वापरत आहे. माझ्याकडची कांडी 8 मिलिमीटर जाड आणि बोटभर लांब असून तिच्यासोबत दोरीला बांधलेली एक पोलादी पट्टी मिळाली. कोरड्या हवेत काडेपेटीनेही भागते; म्हणून हे परीक्षण केवळ भर पावसातल्या वापराचे आहे, आणि तेही रॉकेल, मेण किंवा कागद यांचा आधार न घेता रानात सापडेल त्यावर भागवून.

कांडीबद्दल तक्रारीला जागा नाही. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने 1903 मध्ये पेटंट घेतलेल्या या मिश्रधातूत सेरियम, लँथॅनम आणि लोखंड हे मुख्य घटक असतात. घासल्यावर सुटणारा त्याचा कीस हवा लागताच पेट घेतो आणि ठिणगीचे तापमान 3000 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचते. कांडी मुद्दाम पाण्यात बुडवून काढली, बाहीला पुसली, आणि दुसऱ्याच ओढीला ठिणग्यांचा भरघोस झोत पडला. नव्या कांडीवरचा काळा थर मात्र आधी खरवडून काढावा लागतो.

सोबतची पट्टी निकृष्ट आहे. तिच्या कडा गोलसर असल्याने ती कांडीवरून नुसती घसरते. चाकूच्या पाठीची काटकोनी कड तिच्यापेक्षा कितीतरी चांगले काम देते. पट्टी किंवा चाकू स्थिर धरून कांडीच मागे ओढावी, नाहीतर जोराच्या भरात हात पुढे जाऊन पेटवण्यासाठी कष्टाने रचलेला लाकडाचा कीस उधळतो.

माझा खरा आक्षेप वेष्टनावरच्या दाव्याला आहे. ‘ओले लाकूडही पेटवते’ असे तिथे ठळक छापले आहे आणि ते चूक आहे. ठिणगी कितीही तापलेली असली तरी ती क्षणभरच टिकते, आणि 1 किलो पाणी उकळीला आल्यानंतरही त्याची वाफ करायला सुमारे 2260 किलोजूल उष्णता खर्ची पडते; लाकडातले पाणी आटेपर्यंत ते पेटणारच नाही. थंडीने काकडत असलेल्या नवख्या माणसाने या वाक्यावर विसंबून राहावे, हे मला अजिबात पटत नाही.

मी स्वतः पहिल्यांदा हाताला कोरडे लागलेले गवत गोळा केले होते. त्यावर ठिणग्यांचे काळे ठिपके उमटले, पण जाळ धरला नाही, कारण गवताने हवेतली ओल शोषून घेतली होती. मग जमिनीवर पडलेले सरपण सोडून, उभ्याच वाळलेल्या झाडाची मनगटाएवढी फांदी तोडली आणि उभी चिरली. बाहेरचा थर भिजून काळपट झाला होता, पण आतला गाभा फिकट आणि खडखडीत कोरडा निघाला. ओठाला लावल्यावर गार लागले तर लाकडात ओल आहे असे समजावे. हे गार लागले नाही. चाकूच्या पाठीने गाभा खरवडल्यावर कापसासारखा भुसभुशीत कीस मूठभर जमला, आणि त्याच लाकडाच्या कुरळ्या ढलप्या काढून त्या अंगरख्याच्या आत कोरड्या ठेवल्या. चिखलावर जाड काटक्यांची बैठक घालून, पाठीने पाऊस अडवत कीस पेटवला. तिसऱ्या झोताला धूर आला आणि पाठोपाठ पिवळी ज्योत उभी राहिली. पुढे आधी काडीएवढ्या, मग पेन्सिलीएवढ्या चिरफळ्या घातल्या. अंगठ्याएवढे लाकूड घालण्याची घाई केली तेव्हा मात्र जाळ दबून नुसती सूं-सूं वाफ निघू लागली.

चीडसारख्या झाडाच्या वाळक्या खोडाची राळ मुरलेली गाठ मिळाली, तर निम्मे कष्ट वाचतात. तिचा कीस काळा धूर सोडत जळतो, पण पावसाच्या शिंतोड्यांना सहज विझत नाही. भूर्जाच्या सालीतही तेलकट द्रव्य असल्याने ती दमट असतानाही पेटते. फक्त तिचा पृष्ठभाग आधी खरवडून भुकटी करायला हवी.

कांडीला मी पाचपैकी चार गुण देतो. एक गुण पट्टीसाठी आणि त्या दाव्यासाठी कापला आहे. ती घेताना काटकोनी पाठीचा, फांदी चिरता येईल असा दणकट चाकू आपल्याकडे आहे ना, हे आधी पाहावे. वापरानंतर कांडी पुसून तेलाचा हलका हात फिरवावा, कारण ओलीत, विशेषतः खाऱ्या हवेत, ती गंजून भुसभुशीत होते.