रूट कॅनालच्या दोन भेटींमध्ये दातात काय भरावं? ठणक्याच्या हिशोबाने पेस्टची तुलना

पेस्ट निवडण्याआधी एकच गोष्ट ठरवायची असते, नस जिवंत आहे की मेलेली. गार-गरम लागल्यावर कळ मिनिटभर टिकते, रात्री आडवं झालं की ठणका वाढतो, तेव्हा नस जिवंत असून सुजलेली असते. गार-गरम काहीच जाणवत नाही, पण दातावर दात टेकला तरी दुखतं, तेव्हा नस मेलेली असते आणि जंतू मुळाच्या टोकाशी पोचलेले असतात. या दोन दुखण्यांना एकच ट्यूब चालत नाही.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड सगळीकडे वापरलं जातं आणि मेलेल्या नसेच्या दातात आमची पहिली पसंती तेच. पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) साधारण 12.5, म्हणजे तीव्र अल्कली, त्यात बहुतेक जंतू टिकत नाहीत. एंटेरोकोकस फिकॅलिस हा जंतू मात्र तग धरतो, म्हणून जुनं रूट कॅनाल पुन्हा करताना एकट्या या पेस्टवर विसंबू नये. हे वेदनाशामक नाही. जंतू कमी झाले की दुखणं उतरतं, आणि त्यासाठी किमान सात दिवस द्यावे लागतात, कारण दाताचं डेंटिन (कवचाखालचा कठीण थर) स्वतःच पीएच खाली ओढतं. दुसऱ्याच दिवशी आराम पडावा अशी अपेक्षा धरली तर पेस्ट उगाच बदनाम होते.

आरसी कॅलसारखी पाण्यात कालवलेली कॅल्शियम हायड्रॉक्साइडची तयार पेस्ट लवकर काम करते आणि धुतलीही जाते. मेटापेक्स पिवळी, सिलिकॉन तेलातली. तिच्यात साधारण 30% कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि 40% आयडोफॉर्म, म्हणजे आयोडीन असलेलं जंतुनाशक. दुधाच्या दातांत ती उत्तम, पण मोठ्यांच्या दातात दोन भेटींमध्ये भरायला आम्ही सुचवणार नाही. तेलामुळे जंतू मारणारे आयन (विद्युतभारित कण) हळू सुटतात, कॅनालच्या भिंतीवरचा तेलकट थर काढायला वेळ जातो आणि आयोडीनची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ती चालतच नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पावडर सलाइनमध्ये कालवूनही चांगलं काम होतं. मिश्रण सायीइतकं घट्ट हवं. मात्र बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पावडरचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. दिसायला तीच पांढरी पावडर, उपयोग शून्य.

ठणक्यावर खरा उतारा स्टेरॉइडच्या पेस्टचा. लेडरमिक्समध्ये 1% ट्रायॅमसिनोलोन हे स्टेरॉइड आणि सुमारे 3% डेमेक्लोसायक्लिन हे टेट्रासायक्लिन गटातलं अँटिबायोटिक असतं, आणि ऑस्ट्रेलियात ती वर्षानुवर्षं वापरात आहे. नस जिवंत आहे, पण वेळेअभावी पूर्ण काढता आली नाही, अशा दाढेत तिने लवकर आराम पडतो. स्टेरॉइड पहिल्या दिवशीच सर्वांत जास्त सुटतं. दोष रंगाचा. हे अँटिबायोटिक उजेडात दात काळपट करतं, म्हणून पुढच्या दातात ती हिरडीच्या रेषेखालीच ठेवावी. ओडोंटोपेस्टमध्ये 1% ट्रायॅमसिनोलोनबरोबर 5% क्लिंडामायसिन हे वेगळ्या गटातलं अँटिबायोटिक आहे, त्यामुळे हा डाग टळतो. या पेस्टमध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड मिसळून दोन्हीचा फायदा घ्यायचा मोह होतो. तसं करू नका. अल्कलीमुळे स्टेरॉइड झपाट्याने नष्ट होतं आणि ज्यासाठी ती पेस्ट घेतली तेच हातातून जातं.

तीन अँटिबायोटिकच्या पेस्टमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल आणि मिनोसायक्लिन असतं. जंतूंवर ती जबरदस्त आहे, पण मिनोसायक्लिनही टेट्रासायक्लिन गटातलंच, त्यानेही दात काळवंडतो. केवळ दुखतंय म्हणून ती भरणं आम्हाला पटत नाही. फॉर्मोक्रेसॉल या फॉर्मॅल्डिहाइड असलेल्या औषधाचा बोळा आता बंदच करायला हवा. फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचं आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये ठरवलं आहे, आणि त्याची वाफ मुळाबाहेरच्या पेशीही जाळते. लवंग तेलाचा बोळा जिवंत नसेला तात्पुरता आराम देतो, पण त्यावर थेट कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) भरलं तर ते नीट घट्ट होत नाही.

भरण्याची पद्धत चुकली की कुठलीही पेस्ट दुखवते. पेपर पॉइंट (ओल टिपणारी कागदाची बारीक काडी) कोरडा बाहेर येईपर्यंत कॅनाल सुकवा. सिरिंजच्या टोकावर रबर स्टॉप (खोलीची खूण दाखवणारी रबराची चकती) लावून ते मुळाच्या लांबीपेक्षा 2 मिमी आखूड ठेवा. टोक आत सैल हलतंय ना, हे बघा. अडकलेल्या टोकातून दाबलं की पेस्ट मुळाबाहेर जाते आणि रात्रभर ठणका लागतो. खालच्या दुसऱ्या दाढेत तर मुळाखालून जाणारी जबड्याची नस (दातातली नव्हे) भाजून खालचा ओठ बधिर पडू शकतो. म्हणून हलक्या हाताने दाबत सिरिंज मागे घ्या आणि एक्स-रे काढा.

वरचं तात्पुरतं सिमेंट किमान 4 मिमी जाड हवं. पेस्टवरचा कापसाचा बोळा मोठा ठेवला की सिमेंटला जागा उरत नाही, चार दिवसांत कड सुटते, लाळ आत शिरते आणि दुखणं परत येतं. दोष मात्र पेस्टच्या माथी मारला जातो. चावताना दुखणाऱ्या दाताची उंची त्याच भेटीत थोडी घासून घ्या. पुष्कळदा पेस्टपेक्षा त्यानेच जास्त आराम पडतो.

पुढच्या भेटीत 17% ईडीटीए (कॅल्शियम विरघळवणारं द्रावण) आणि अल्ट्रासॉनिक कंपनांनी पेस्ट पूर्ण काढा. कॅल्शियम हायड्रॉक्साइड भिंतीवर राहिलं तर झिंक ऑक्साइड-युजेनॉलचा सीलर (कॅनाल सील करणारं सिमेंट) त्याच्याशी अभिक्रिया करून भराभर घट्ट होतो आणि गटा-पर्चा (कॅनाल कायमचा भरायचा रबरासारखा पदार्थ) टोकापर्यंत बसत नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट महिनोन्‌महिने आत ठेवली तर मूळ ठिसूळ होतं. त्यामुळे पेशंटच्या कागदावर पेस्टचं नाव आणि भरल्याची तारीख लिहून द्या. गाव बदललं, डॉक्टर बदलले, तरी दात उघडणाऱ्याला आत काय आहे ते कळेल.