आर्डुइनोची जॉयस्टिक शील्ड : बटणं झकास, स्टिक कामचलाऊ

ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचायची पाटी) ते बारकं केवाय-०२३ जॉयस्टिक मॉड्यूल खोचायचं, पाच वायरी काढायच्या आणि रोबो कार चालवायची म्हणजे नुसता वैताग, गाडी वळवताना आपलाही हात वळतो, एक वायर निसटते आणि गाडी थेट सोफ्याखाली. म्हणून उनोवर (आर्डुइनोचा नेहमीचा प्रोग्राम करायचा बोर्ड) डायरेक्ट बसणारी शील्ड, म्हणजे वरून खोचायचा तयार जोडबोर्ड, घेतली, फनडुइनो लिहिलेली असते ती. पुण्यात तपकीर गल्लीत मिळाली, ऑनलाइन पण असते, दोन-तीनशेच्या घरात.

बटणं एक नंबर. चार मोठी, रंगीत टोप्यांची, दाबलं की बोटाला टक्क कळतं. शिवाय दोन बारकी, आणि स्टिक खाली दाबली की ते सातवं. उनोच्या डी-२ ते डी-८ या डिजिटल पिना त्यात जातात, स्टिकचा एक्स (आडवा) अ‍ॅनालॉग ए-० वर आणि वाय (उभा) ए-१ वर. बटण दाबलं की पिन ग्राउंडला जाते म्हणजे लो मिळतो, तेव्हा कोडमध्ये इनपुट पुलअप (बटण न दाबता पिन हाय ठेवणारी सेटिंग) लावून लो चेक करा, आणि वीसेक मिलिसेकंद थांबून परत वाचा, नाहीतर बटण एकदा दाबता आणि मेन्यू तीन घरं पुढे जातो.

आता स्टिक. आत दोन १० के ओहमची पॉट (फिरवून बदलणारे रेझिस्टर) असतात, उनो ते ० ते १०२३ मध्ये वाचतो, म्हणजे मधोमध ५१२ यायला हवं ना? सिरीयल मॉनिटर (बोर्डने पाठवलेले आकडे पीसीवर दाखवणारी खिडकी) उघडून बघा. डावीकडून सोडली की ४९८ च्या आसपास थांबते, उजवीकडून सोडली की ५२० वगैरे, आणि हात न लावताही एक-दोन आकडे नाचत असतात. त्यात कडेपर्यंत ढकलायच्या आधीच १०२३ येऊन बसतं, म्हणजे हळूहळू स्पीड वाढवायला जी जागा हवी तीच कमी. ४८० ते ५४५ सरळ शून्य धरा, मग गाडी गप उभी राहते. गाडीला, साध्या गेमला एवढं चालून जातं, पण सर्वोवर (सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटर) कॅमेरा किंवा रोबो आर्म अलगद फिरवायचा असेल तर या स्टिकच्या नादी लागू नका.

३.३ आणि ५ व्होल्टचं एक चिमुकलं स्विच आहे ते आधी बघा. उनोवर चुकून ३.३ ला राहिलं तर रीडिंग ६७५ च्या वर जातच नाही आणि माणूस तासभर कोड तपासत बसतो. एनआरएफ२४ रेडिओसाठी सॉकेट दिलाय ही खरी मजा, वायरलेस रिमोट अर्ध्या तासात उभा राहतो, फक्त रेडिओच्या पॉवर पिनांवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. पण रेडिओ ९ ते १३ पिना खातो, उरतं काय तर ए-२ ते ए-५. उनोच्या एक्स्टर्नल इंटरप्टच्या (सिग्नल बदलताच कोडला लगेच जागं करणाऱ्या) दोनच पिना, २ आणि ३, त्याही बटणांनी अडवल्यात, त्यामुळे एन्कोडर (चाकाचे फेरे मोजणारा सेन्सर) लावायचा बेत असेल तर तो सरळ साध्या पद्धतीने जमणार नाही.

अजून एक कुरकुर, खालच्या सोल्डरची टोकं तळहाताला टोचतात, मी फोमची पट्टी चिकटवलीये.

ईएसपी३२ (वायफायवाला, ३.३ व्होल्टचा बोर्ड) वाल्यांनी ही घेऊच नये, साधं मॉड्यूल ३.३ वर चालवा (५ दिलेत तर तेवढेच पिनवर येतील) आणि वायफाय चालू ठेवायचं असेल तर ३२ ते ३९ मधल्याच पिना वापरा, कारण बाकीच्या अ‍ॅनालॉग पिना वाचणारा एडीसी-२ वायफायबरोबर चालत नाही. आणि पीसीला यूएसबी गेमपॅड म्हणून जोडायचं असेल तर उनोपेक्षा लिओनार्डो बरा, त्याची ३२यू४ चिप स्वतःच जॉयस्टिक म्हणून दिसते, शील्ड पण नीट बसते. फक्त तिथे रेडिओचा सॉकेट शोभेचा, लिओनार्डोवर एसपीआय (रेडिओशी बोलायच्या वायरी) ११-१२-१३ ला नसतंच, ते बोर्डवरच्या आयसीएसपी नावाच्या वेगळ्या सहा पिनांवर आहे.