वसंतातल्या भाज्यांचा रिझोत्तो घरी करताना: तांदूळ कोणता, भांडे कोणते?

घरी पहिल्यांदा रिझोत्तो, म्हणजे दाट रसातला इटालियन भात, करू पाहणारा माणूस साधारणपणे दोन ठिकाणी अडतो. दुकानात दोन-तीन इटालियन नावांची पाकिटे दिसतात, त्यांपैकी कोणते घ्यावे हे कळत नाही. आणि घरी आल्यावर पळीपळीने पाणी घालत वीस मिनिटे ओट्याशी उभे राहावे की सरळ कुकर लावावा, हा प्रश्न पडतो. या दोन्ही निवडी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि ॲस्परॅगस, कोवळे मटार, फावा बीन्स, झुकिनी अशा वसंतातल्या भाज्या घालायच्या असतील तर त्या अधिकच गुंततात, कारण या भाज्यांची चव हलकी असते आणि न जुळणारा तांदूळ ती सहज झाकून टाकतो. या पदार्थात तांदूळ निवडताना कौल भाजीला द्यावा, असे माझे मत आहे, आणि पुढची सगळी तुलना त्याच अंगाने केली आहे.

आधी आपल्याला नेमके काय हवे आहे ते पाहू. इटलीच्या व्हेनेतो प्रांतात उत्तम रिझोत्तोला ‘आल्लोंदा’ म्हणतात, म्हणजे लाटेसारखा. ताटली तिरकी केली की तो सावकाश ओघळला पाहिजे. आपण खिचडीला जो ‘आसट’ शब्द वापरतो तो याच्या पुष्कळ जवळ जातो, फरक आहे तो दाण्याचा. आसट खिचडीत दाणा बोटचेपा झालेला असतो, तर रिझोत्तोत भोवतालचा रस दाट आणि मुलायम असूनही दाण्याच्या पोटात किंचित कणी शिल्लक ठेवलेली असते. भातात कणी राहणे हा आपल्याकडे स्वयंपाक करणाऱ्याला खाली मान घालायला लावणारा दोष, त्यामुळे मराठी हात इथे हमखास दोन-तीन मिनिटे जास्त शिजवतो. ही कणी खडूसारखी पिठूळ लागता कामा नये; दाताला नुसती जाणवावी, चिकटू नये.

रस दाट होतो तो साय किंवा मैदा घालून नव्हे, तर दाण्याच्या अंगावरच्या स्टार्चमुळे. तांदळातल्या स्टार्चचे दोन मुख्य घटक आहेत: ॲमायलोपेक्टिन गरम पाण्यात सुटून रसाला दाटपणा देते आणि ॲमायलोज दाण्याला आतून घट्ट धरून ठेवते. कोणता तांदूळ किती मुलायम होईल आणि किती वेळ तग धरेल, हे बव्हंशी या दोहोंच्या प्रमाणावर ठरते. म्हणूनच रिझोत्तोचा तांदूळ धुवायचा नाही. हात आपोआप नळाकडे जातो, पण जे पांढरे पाणी आपण मोरीत सोडतो त्यातच निम्मे काम असते.

आता तांदूळ. भारतातल्या मोठ्या शहरांत सर्वांत सहज मिळतो तो आर्बोरिओ. पो नदीच्या खोऱ्यातल्या वेर्चेल्ली जिल्ह्यात आर्बोरिओ नावाचे गाव आहे, त्यावरून त्याला हे नाव पडले. दाणा मोठा, पोटाशी पांढरा, आणि स्टार्च सोडण्यात उदार. त्यामुळे नवख्या हातालाही दाट रस पटकन मिळतो, हा त्याचा गुण; आणि ॲमायलोज तुलनेने कमी असल्यामुळे तो योग्य टप्प्यावर फार काळ थांबत नाही, हा दोष. सोळाव्या मिनिटाला जमलेला आर्बोरिओ विसाव्या मिनिटाला मऊभाताकडे झुकतो. एकदा पाहुणे हात धुऊन पानावर बसेपर्यंत मी पातेले झाकून ठेवले होते, जेमतेम सहा-सात मिनिटे; झाकण काढले तेव्हा डाव उभा राहील असा गोळा झाला होता आणि ॲस्परॅगसचे हिरवे तुकडे त्यात शेवाळी रंगाचे होऊन रुतले होते. त्यानंतर आर्बोरिओ करायचा तर माणसे आधी बसवायची, हा आमच्याकडचा नियम झाला.

कार्नारोली हा या बाबतीत सर्वांत क्षमाशील. मिलानजवळच्या पाउल्लो इथे 1945 साली व्हियालोने आणि लेन्चिनो या दोन वाणांच्या संकरातून तो तयार झाला. त्यात ॲमायलोज जास्त, म्हणून दाणा बाहेरून पुरेसा स्टार्च सोडूनही आत टिकून राहतो, आणि दोन मिनिटे इकडेतिकडे झाली तरी पदार्थ हातचा जात नाही. इटलीत अनेक आचारी त्यालाच पहिली पसंती देतात ती याचमुळे. किंमत आर्बोरिओहून जास्त असते, पण ज्याला आयुष्यात प्रथमच रिझोत्तो करायचा आहे, आणि तोही चार माणसांना बोलावून, त्याने हा फरक खुशाल मोजावा. एक खबरदारी मात्र घ्यावी. इटलीच्या कायद्यानुसार कार्नारोलीशी साधर्म्य असलेले काही इतर वाणही त्याच नावाने विकता येतात. 2017 च्या नियमांनंतर पाकिटावर ‘क्लासिको’ हा शब्द असेल तरच आत खास तोच मूळ वाण असल्याची हमी मिळते. नुसते ‘रिझोत्तो राइस’ एवढेच लिहिलेले पाकीट असेल तर ते मी घेणार नाही, कारण वाण कळल्याशिवाय शिजण्याची वेळ कळत नाही.

तिसरा व्हियालोने नानो, आणि वसंतातल्या भाज्यांसाठी माझा कौल त्याला आहे. 1937 मध्ये वेर्चेल्लीत तयार झालेला हा वाण वेरोनाच्या सखल प्रदेशात रुजला, आणि तिथल्या तांदळाला 1996 पासून युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे. दाणा आखूड आणि गोलसर असतो, रस पुष्कळ पितो, तरी आकार सोडत नाही. व्हेनिसमध्ये 25 एप्रिलला, संत मार्कच्या सणाला, ‘रिझी ए बिझी’ नावाचा तांदूळ-मटारांचा पदार्थ करण्याची जुनी चाल आहे. प्रजासत्ताकाच्या काळात त्या दिवशी तो तिथल्या दोजेच्या, म्हणजे राज्यप्रमुखाच्या, पानात वाढला जाई. त्यात हाच तांदूळ घालतात, आणि कारण चमचा तोंडात गेला की कळते. दाणा आणि मटार जवळजवळ एकाच मापाचे असल्यामुळे दोन्ही एकत्र चावले जातात, एकाची दुसऱ्यावर कुरघोडी होत नाही. कार्नारोलीचा लांबट, भारदस्त दाणा मशरूम किंवा केशराला शोभतो. कोवळ्या मटाराशेजारी तो थोडा थोरला वाटतो. व्हियालोने नानोची अडचण एवढीच की तो भारतात क्वचित मिळतो. युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींनी तो जरूर शोधावा.

मग इंद्रायणी का नको, हा प्रश्न मावळात वाढलेल्या माणसाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. आंबेमोहराच्या वंशातला, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला हा तांदूळ अंगचाच चिकट आहे, ताजा मिळतो आणि आयात केलेल्या पाकिटापेक्षा कितीतरी पट स्वस्त पडतो. त्याचा रिझोत्तो मुलायम होतो, याबद्दल शंका नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. दाणा लहान आणि नाजूक असल्याने कणी राखण्याची संधी जेमतेम मिनिटभराची असते, आणि सुवास इतका ठळक असतो की ॲस्परॅगस मागे पडते. मटार आणि पातीचा कांदा मात्र त्या सुवासाशी छान जमवून घेतात. तेव्हा इंद्रायणी वापरायचाच तर जुना घ्यावा, कारण जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि दाणा वेगळा राहतो. रस थोडा कमी घालावा, बाराव्या मिनिटापासून चाखायला लागावे आणि भाजीत ॲस्परॅगसवर पैसे खर्च करू नयेत. बासमती आणि कोलम या कामाला उपयोगी नाहीत.

भांड्याचा निर्णय त्यानंतर सोपा होतो. चार जणांना 320 ग्रॅम तांदूळ आणि सव्वा लिटर उकळता रस (भाज्या उकळून गाळलेले पाणी), हे प्रमाण धरून चालू. पसरट, जाड बुडाच्या पातेल्यात बारीक चिरलेला कांदा लोण्यावर रंग न बदलता परतायचा, तांदूळ घालून दोन-तीन मिनिटे कोरडाच परतायचा. दाणे तळाशी खडखड वाजू लागले आणि हाताला चटका बसण्याइतके तापले की वाइन घालायची. ज्या घरात वाइन चालत नाही तिथे हा टप्पा गाळावा आणि शेवटी लिंबू पिळावे, कारण पदार्थाला हवी असते ती आंबट धार. मग रस पळीपळीने घालायचा. अखंड ढवळण्याची गरज नाही. दाणे एकमेकांवर घासले जावेत आणि तळ लागू नये, इतपत डाव फिरवत राहिले की पुरते. या पद्धतीचा खरा फायदा असा की दर मिनिटाला चाखता येते आणि नेमके हवे तिथे थांबता येते.

कुकर लावणे म्हणजे फसवणूक, असे समजण्याचे कारण नाही; इटलीतल्या घरांतही प्रेशर कुकरचा रिझोत्तो होतो. परतण्यापर्यंतची कृती कुकरमध्येच करून 1 वाटी तांदळाला साधारण सव्वादोन वाट्या रस घालावा, पहिली शिट्टी झाली की आच मंद करून 5 मिनिटे ठेवावे आणि वाफ लगेच काढून टाकावी. आपोआप वाफ जिरू दिली तर दाणा आतल्या आत शिजत राहतो. झाकण उघडल्यावर पातळपणा पाहून एखादी पळी गरम रस घालून मिनिटभर घोटावे. कामाच्या दिवशी, संध्याकाळी उशिरा घरी आल्यावर, हा मार्ग अगदी योग्य आहे, मात्र तो कार्नारोलीसाठी. त्याचा दाणा आतल्या अंदाजी मिनिटांना पुरून उरतो. आर्बोरिओ कुकरमध्ये कधी जमतो, कधी नाही. इंद्रायणीचा गुरगुट्या भात होतो, जो तूप-मेतकुटाबरोबर उत्तमच लागतो, पण तो आपण करायला निघालेला पदार्थ नव्हे.

पातेले असो की कुकर, भाज्या तांदळाबरोबर शिजवू नयेत. खळखळ उकळत्या, खारट पाण्यात ॲस्परॅगस आणि मटार दीड-दोन मिनिटे घालून लगेच गार पाण्यात टाकावेत, फावा बीन्सची वरची जाड साल सोलावी, आणि हे सगळे शेवटच्या दोन मिनिटांत तांदळात मिसळावे. झुकिनी तेवढी वेगळ्या तव्यावर जोरकस आचेवर परतलेली बरी, एरवी ती पाणी सोडते. ॲस्परॅगसचे निबर बुडखे आणि मटाराची सालटे फेकू नयेत. ‘रिझी ए बिझी’ करताना व्हेनिसमध्ये याच सालटांचा रस काढतात. कांद्याच्या पातीबरोबर ती अर्धा तास उकळून, पिळून, गाळून घेतली की फिकट हिरवे, गोडसर पाणी मिळते, आणि ते बाजारी क्यूबच्या रसापेक्षा या पदार्थाला कितीतरी जास्त मानवते. क्यूबचे मीठ आणि मसाला भाजीच्या आधी जिभेवर पोहोचतात. आपल्याकडे कोवळा मटार हिवाळ्यात येतो, तेव्हा हा ‘वसंत’ महाराष्ट्रात डिसेंबर-जानेवारीतच साजरा करावा. जर्मनीत राहणाऱ्यांना ॲस्परॅगसचा हंगाम 24 जूनपर्यंत मिळतो.

शेवटच्या घोटण्याला इटालियन लोक मांतेकातुरा म्हणतात. आच बंद करून मिनिटभर थांबायचे, मग 50 ग्रॅम थंडगार लोणी आणि तेवढेच किसलेले चीज घालून जोराने ढवळायचे. लोणी थंड असले तरच ते रसात एकजीव होते, पातळ झालेले लोणी तेलासारखे वर तरंगते. शाकाहारी घरांनी इथे जरा थांबून पाहावे. अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट, म्हणजे दूध साकळवणारे द्रव्य, वापरणे बंधनकारक आहे, ग्राना पादानोतही तेच असते, तेव्हा भाज्यांचा रिझोत्तो म्हणून तो शाकाहारीच असेल असे गृहीत धरू नये. सूक्ष्मजीवजन्य रेनेटचे, हिरव्या ठिपक्याचे कठीण चीज मिळते. चव थोडी सौम्य असते, पण भाज्या हलक्या असल्याने ते खपून जाते.

उरलेल्या रिझोत्तोच्या बाबतीत मात्र पारडे आर्बोरिओकडे झुकते. मिलानमध्ये शिळा रिझोत्तो लोण्यावर तव्यात पातळ थापून ‘आल साल्तो’ करतात, आणि जो गोळा होणे आदल्या रात्री दोष होते तेच इथे कामाला येते. व्हियालोने नानो सैल राहतो आणि उलटताना मोडतो, आर्बोरिओची भाकरी अखंड सुटते. थापण्याआधी ॲस्परॅगसचे शेंडे तेवढे वेचून बाजूला काढावेत, कारण तव्यावर तेच आधी करपतात, आणि एक बाजू तांबूस होऊन कडा आपोआप सुटेपर्यंत उलथने लावू नये.