माथेरान की नीलगिरी: सोलापुरातून कॅमेरा घेऊन निघणाऱ्यासाठी

दिवाळीत चार-पाच दिवस मोकळे आहेत, कॅमेरा नवा आहे, आणि डोंगरातली छोटी गाडी टिपायची आहे. माथेरानला जावं की ऊटीला? गेल्या वर्षभरात मला तिघांनी हे विचारलं आणि तिघांनाही मी टपरीवर चहा संपेपर्यंत जमेल तेवढंच उत्तर दिलं. आज जरा सविस्तर सांगतो. दोन्हीकडे मी पदरमोड करून जाऊन आलोय. ऊटीला दोनदा, माथेरानला किती वेळा, ते आमच्या घरात विचारू नका.

दार्जिलिंग आणि शिमला मी यात धरलेलेच नाहीत. दार्जिलिंगला रूळ रस्त्याला चिकटून, दुकानांच्या उंबऱ्यांना घासून जातात, त्यामुळे फोटोवाल्याची चैन असते म्हणतात. पण सोलापूरहून तिकडे जाण्या-येण्यातच रजा संपते. ते कधीतरी निवृत्तीनंतर.

आधी नीलगिरी, म्हणजे ऊटीची गाडी, कारण नाव तिचंच मोठं. मेट्टुपालयम ते ऊटी ४६ किलोमीटर. कुन्नूरपर्यंतचा मार्ग १८९९ मध्ये सुरू झाला, ऊटीपर्यंत गाडी १९०८ मध्ये पोहोचली, आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं. काटेकोर माणूस म्हणेल की हिचे रूळ मीटरभर अंतराचे, म्हणजे ही मीटरगेज, हिला अरुंद रुळांची छोटी गाडी, नॅरोगेज, म्हणायचंच कशाला. म्हणू दे. कल्लारपासून पुढे बारा फुटांना एक फूट असा चढ आहे, तो नुसत्या चाकांनी चढवत नाही. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या टाकल्या आहेत आणि इंजिनाखालचं दातेरी चाक त्यात अडकत अडकत वर जातं. इंजिन मूळ स्वित्झर्लंडच्या धाटणीचं, वाफेचं, आणि ते मागून ढकलतं. कर्जतला घाट चढताना गाडीला मागून इंजिनं लावतात, ती आपण सोलापूरकरांनी अर्धवट झोपेत किती वेळा पाहिली आहेत, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे पुढे काहीच नसतं. त्यामुळे प्रत्येक डब्याच्या तोंडाशी एक ब्रेकवाला झेंडी घेऊन उभा असतो. पुढच्याने झेंडी दाखवली की ती डब्यामागून डबा करत मागे ड्रायव्हरपर्यंत पोहोचते. हे बघायला म्हणून जरी गेलात तरी पैसे वसूल.

आवाजही विसरता येत नाही. दातेरी भाग सुरू झाला की इंजिनातले वेगळे सिलिंडर कामाला लागतात आणि एकाच इंजिनातून दोन ताल येऊ लागतात, कधी जुळणारे, कधी न जुळणारे. मी डोळे मिटून ऐकत होतो. कॅमेरा मांडीवर तसाच.

आणि नेमकं तिथेच माझं गणित फसलं.

गाडीत बसलो की गाडी दिसत नाही, ही साधी गोष्ट मला कुन्नूर येईपर्यंत लक्षात आली नव्हती. खिडकीतून मान बाहेर काढली की पुढे-मागे सगळ्या खिडक्यांतून हात बाहेर आणि प्रत्येक हातात मोबाईल. वळणावर इंजिन दिसायचं ते त्या हातांच्या जंगलामागे. घरी येऊन मोजले तर शे-सव्वाशे फोटोंतल्या निम्म्याहून जास्त फोटोंत कुणाचं तरी कोपर. बायको म्हणाली, हे कोणाचं लग्न होतं?

मधे हिलग्रोव्हला इंजिन पाणी घेतं. वाटलं, इथे साधेल. गाडी थांबली आणि आख्खी गाडी रिकामी होऊन इंजिनासमोर उभी राहिली. वाफेतून सूर्यकिरण तिरपे येत होते, मागे ओलं जंगल, म्हणजे जे हवं ते सगळं होतं. पण मधोमध लाल टी-शर्टातले एक गृहस्थ दोन्ही हात पसरून उभे, आणि त्यांचे चार भाऊबंद आळीपाळीने तेच करत होते. मी ‘एक मिनिट’ म्हणालो. तमिळ येत नाही; सोलापुरात निम्मं काम ज्या तेलुगूवर होतं ती चालवून पाहिली. ते हसले आणि मलाही फोटोत ओढलं. तेवढ्यात शिट्टी झाली.

दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो होतो. तिकीट काढलंच नाही. सकाळी रिक्षाने कल्लारच्या बाजूला जाऊन थांबलो. गाडी आली, पाऊणएक मिनिट दिसली, वाफ माझ्याच अंगावर आली आणि फोटोत पांढऱ्याशिवाय काही उरलं नाही. आता पुढची गाडी? पुढची गाडी नाही. कुन्नूरखालच्या त्या दातेरी टप्प्यात रोज एक गाडी वर जाते आणि एक खाली येते. खाली येणारीची दुपारभर वाट पाहिली. तोवर ऊन डोंगराआड गेलं होतं, कारण हा उतार साधारण पूर्वेकडे तोंड करून आहे. मोटारीने गाडीच्या पुढे जाऊन दुसऱ्या वळणावर तिला गाठावं, तर रस्ता आणि रूळ बराच वेळ वेगवेगळ्या वाटांनी चढतात. मधली स्टेशनं रानात.

कुन्नूर ते ऊटी मात्र सोपं आहे. रस्ता सोबतीला, गाड्याही जास्त, केत्तीची दरी तर डोळे निवतील अशी. पण कुन्नूरला वाफेचं इंजिन काढतात आणि साधारणपणे पुढे डिझेल लागतं. म्हणजे जिथे वाफ तिथे मला पोहोचता येईना, आणि जिथे पोहोचलो तिथे डिझेल. इतक्या लांब जाऊन डिझेलच टिपायचं, तर ते आपल्याकडेही आहे की!

माझ्यापुरता निकाल त्या दिवशी कल्लारच्या दगडावर बसून, पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाताना लागला. तुमचा तसा लागेलच असं नाही. ज्याला गाडीत बसायचं आहे, ऐकायचं आहे, वास घ्यायचा आहे, त्याने बेलाशक नीलगिरीला जावं.

आता माथेरान. नेरळपासून साधारण २१ किलोमीटर, दोन फुटी रूळ, एकच बोगदा, आणि त्याचं ते ‘वन किस टनेल’ हे चावट नाव. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ मध्ये हा मार्ग बांधला. वडील सर आदमजी यांनी पैसा पुरवला, त्या काळचे १६ लाख. इथला चढ वीस फुटांना एक फूट. त्यामुळे दाते लागत नाहीत, पण वळणं अशी की जर्मनीहून आणलेल्या इंजिनांचे आसही वळणावर थोडे सरकतील अशी रचना करावी लागली. ती इंजिनं १९८० च्या दशकातच गेली. आता डिझेल. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तिथे जाऊन तोंड वाकडं कराल. आमच्या कट्ट्यावर एकाने माझे फोटो पाहून म्हटलंच होतं, “काय बे, डिझेलचं इंजिन अन् एवढं कौतुक?”

या मार्गाचे सल्लागार इंजिनिअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. नाव ओळखीचं वाटलं? बार्शी लाईटवाले तेच. बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत १८९७ मध्ये अडीच फुटी गाडी त्यांनीच सुरू केली; पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पसरली. म्हणजे माथेरानची गाडी एका अर्थी आपल्या जिल्ह्यातल्या गाडीची धाकटी बहीण. माझं माप इथे थोडं झुकत असेल तर तेवढं समजून घ्या.

त्याला आणखी एक कारण आहे. वडील रेल्वेत होते, पास होता, त्यामुळे लोक एसटीने मोहोळवरून पंढरपूरला जायचे तेव्हा आम्ही कुर्डुवाडीला गाडी बदलून छोट्या गाडीने जायचो. किती वेळा गेलो त्याला गणती नाही. आज ती ब्रॉडगेज झाली आणि माझ्याकडे त्या गाडीचा एकही फोटो नाही. डब्यातले आहेत: आई, डबा उघडलेला, धाकटा भाऊ खिडकीशी. गाडी मात्र कुठेच नाही, कारण आम्ही कायम आत बसलेलो.

माथेरानला हा घोटाळा होत नाही. गाडी इतकी सावकाश चढते की नेरळहून वर यायला अडीच तासांच्या आसपास घेते, आणि टॅक्सी अर्ध्या तासात वरच्या मोटारतळाला, दस्तुरीला, टेकते. जुम्मापट्टी, वॉटर पाईप या मधल्या स्टेशनांच्या बाजूंना रस्ता आणि रूळ जवळ येतात. म्हणजे तीच गाडी एका सकाळी दोनदा, तीनदा गाठता येते. पहिल्यांदा चुकलं तर पुढच्या वळणावर सुधारायचं. सकाळचं ऊनही याच अंगाला पडतं. टॅक्सीवाल्याला थांबत थांबत जायचं आहे हे आधीच सांगून भाव ठरवा, नाहीतर मधेच कुरकुर सुरू होते. नेरळच्या तिकिटाच्या रांगेचीही धास्ती नको, तुम्हाला बसायचंच नाहीये.

वर दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनच्या पुढे मोटारी बंद. तिथून माथेरान स्टेशनपर्यंत शटल धावते आणि माणसं, घोडे बरीच वाट रुळाला धरूनच चालतात. रुळात न शिरता, पायवाटेच्या कडेला झाडाशी टेकून उभं राहायचं. एक गेली की थोड्या वेळाने दुसरी. लाल माती, वर झाडांची जाळी, तिच्यातून ऊन ठिपक्याठिपक्यांनी डब्यांवर पडतं. लेन्स पुसायला दोन फडकी न्या. ती माती कशी आणि कुठे शिरते कळत नाही. माझ्या झूमची कडी फिरवली की अजून करकरते. माकडांपासून पिशवी सांभाळा. चटणीचा पुडा त्यांनी नेला, त्याचं दुःख वेगळंच.

मोसमाचं एवढंच: पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंद असतं, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून पुन्हा सुरू होतं. दिवाळीच्या सुमाराला डोंगर हिरवे आणि हवा धुतलेली असते. मार्चनंतर गवत वाळतं, समोरच्या डोंगरांवर धुरकट पडदा येतो. नीलगिरीत उलट. तिथला जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, त्यात दरड आली की गाडी बंद. म्हणून दिवाळीची सुट्टी असेल तर माझ्या मते प्रश्नच उरत नाही. जानेवारी-फेब्रुवारी मिळत असेल तर नीलगिरीचा विचार करायला हरकत नाही. पण माथेरानचाही भरवसा धरू नका. २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला, २०१९ च्या पावसानंतर नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. निघण्याआधी चौकशी कराच.

जाण्याचं काय? रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस धरली की पहाटे कल्याण, तिथून कर्जत लोकलने मागे नेरळ. डोळ्यांवर झोप असते पण पहिली गाडी मिळते. कोइंबतूरला कुर्ल्याची गाडी सोलापूरवरूनच जाते, बदलाबदली नाही. मात्र एक दिवस आणि एक रात्र डब्यात, आणि पुढे मेट्टुपालयमला मुक्काम. घरची मंडळी बरोबर असतील तर त्यांना ऊटीच आवडेल, हेही प्रामाणिकपणे सांगतो. माथेरानला तिसऱ्या पॉइंटनंतर पोरं विचारतात, अजून किती चालायचं.

गेल्या नोव्हेंबरमध्ये जुम्मापट्टीच्या अलीकडे गाडी टिपली, फोटो हलला. टॅक्सीने पुढे जाऊन वॉटर पाईपजवळ थांबलो, चहा घेतला, तरी गाडीचा पत्ता नाही. आली तेव्हा इंजिनाच्या खिडकीतून ड्रायव्हरने हाक दिली, “परत तुम्हीच?” तिसऱ्यांदा अमन लॉजला समोरासमोर आलो. गाडी थांबली, तो खाली उतरला आणि रुमालाने मान पुसत म्हणाला, “दाखवा बघू, आला का एखादा बरा?”