हौदातली काठी: सोलापुरात पाणी वाचवायच्या उपायांचा वापरानंतरचा अनुभव

पाणी वाचवण्याचे बहुतेक सल्ले चोवीस तास नळ असणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. दात घासताना नळ बंद ठेवा, वगैरे. आम्ही शहरातल्या जुळे सोलापूर भागात राहतो, आमच्याकडे नळच चार दिवसांआड येतो. मीटर नाही, पाणीपट्टी वर्षाची ठरलेली, त्यामुळे पाणी वाचवलं म्हणून बिल काही कमी होत नाही. आमचा प्रश्न एकच असतो: आज भरलेलं पाणी नळाची पुढची पाळी येईपर्यंत पुरतं का? पुरलं नाही तर टँकर. म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला घरात जे जे उपाय केले, त्यांना मी याच एका मापाने मोजलंय. पाऊस आणि थोडी थंडी बघून झाल्यावर आता लिहितेय.

आधी हिशेब. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. खाली पंधराशे लिटरचा हौद, वर हजाराची टाकी. सरकारी हिशेबात शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी धरतात. म्हणजे पाच जणांना 675, आणि अडीच हजार लिटर चौथ्या दिवशीच संपणार. पाळी पाचव्या दिवशी. माणशी शंभर लिटरवर आलो तरच गाडी सुरळीत चालते. सगळी कसरत त्या पस्तीस लिटरची.

मोजायला बांबूची काठी केली. आमचा हौद तळाशी एक मीटर बाय सव्वा मीटर आहे, म्हणजे दर आठ सेंटिमीटरला शंभर लिटर. काठीवर करवतीने तशा खाचा पाडल्या. रात्री झोपायच्या आधी धाकटा काठी बुडवतो आणि ओली खाच मोजून आकडा ओरडतो. खर्च शून्य, आणि बाकीच्या कुठल्याही वस्तूपेक्षा हिचा उपयोग जास्त झाला. कारण कोणत्या दिवशी पाणी कशात गेलं हे दुसऱ्याच दिवशी कळायला लागलं.

सगळ्यात मोठी बचत कुठे सापडली? शिळ्या पाण्यात. सोलापुरात नळ यायच्या दिवशी सकाळी गल्लीतून चक्कर मारा. घराघरातून पिंपं, कळश्या, बादल्या ओतल्या जात असतात. नवीन पाणी येतंय म्हटल्यावर जुनं टाकायचं. सासूबाईंचं तर ठाम मत, "चार दिवसांचं पाणी कुणी पितं का गं?" पिण्याच्या पाण्याबाबत त्यांचं चूक नाही. साठवलेल्या पाण्यातला क्लोरिन हळूहळू उडून जातो, त्यामुळे पिण्याचं आम्ही झाकून ठेवतो आणि शेवटचे दोन दिवस उकळूनच घेतो. पण कपड्यांना, फरशीला, संडासाला शिळं-ताजं काय? आम्ही एवढंच केलं की कपड्यांचा दिवस पाळीच्या दिवसावर आणला. नळ यायच्या आधी साठलेलं सगळं मशीनमध्ये. आमचं सेमी-ऑटोमॅटिक आहे, त्यात पहिल्या कपड्यांचं खळबळलेलं पाणी पुढच्या घाण्याला साबणाचं म्हणून चालतं, आणि शेवटचं पाणी बादल्यांत भरून संडासात. एका पाळीला काठीच्या दोन खाचा वाचल्या. दोनशे लिटर, आणि एक रुपया खर्च न होता.

यात एक गोष्ट मात्र सांभाळायला हवी. डेंगीचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच होतो, आणि तो अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटवतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी तिथेच. त्यामुळे पिंप रिकामं झालं की काथ्याने आतून घासून घ्यायचं, आठवड्यातून एकदा तरी. आपल्या उन्हात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

नळाला लावायच्या जाळ्या, म्हणजे एरेटर. जाहिरातीत म्हणतात पाणी अर्ध्यावर येतं. खरं आहे, पण दाब असेल तर. एरेटर पाण्यात हवा मिसळतो, त्याला मागून जोर लागतो. आमची टाकी पहिल्या मजल्याच्या गच्चीवर, त्यामुळे वरच्या बेसिनला डोक्यावर जेमतेम सात-आठ फूट पाणी. तिथे एरेटर लावला तर बारीक धार पडते आणि हात धुवायला दुप्पट वेळ लागतो. खालच्या स्वयंपाकघरात, जिथे एक मजला जास्त उंची मिळते, तिथे तो मस्त चालला. म्हणजे बंगल्यात किंवा रो-हाउसमध्ये राहत असाल तर खालच्याच नळांना लावा. दुसरी कटकट क्षारांची. टँकरवाला बोअरचं पाणी टाकून गेला की महिन्याभरात जाळी पांढरी होऊन बुजते. लिंबाच्या फोडी घातलेल्या पाण्यात रात्रभर बुडवली की सुटते. दीडशे रुपयांच्या मानाने ठीक आहे, पण डोक्यावर घेण्यासारखी वस्तू नाही.

फ्लशच्या टाकीत पाण्याची भरलेली बाटली ठेवायची युक्ती सगळ्यांनी ऐकलेली असते. आमच्या जुन्या भांड्याला ती सोसली नाही. एकदा ओढून साफ होईना, मग दुसऱ्यांदा ओढायचं. बाटली काढून टाकली. त्याऐवजी टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास कुणालाच फ्लश करू दिला नाही. भांड्यात रंग उतरला, म्हणजे आतलं रबर गळत होतं. साठ-सत्तर रुपयांचं रबर बदललं आणि रात्री आपोआप उतरणारी खाच थांबली. टाकी भरल्यावर पिपाणी वाजवणारा अलार्मही बसवलाय. रात्री दोनला पाणी सुटलं की मोटर लावून झोप लागते आणि टाकी वाहते, हे सोलापूरकरांना सांगायची गरज नाही.

आता कूलर. पाणी बचतीच्या यादीत याचं नाव कुठेच नसतं, आणि एप्रिल-मेमध्ये आमच्या घरातला सगळ्यात तहानलेला जीव हाच. पारा त्रेचाळीसच्या वर गेला की मोठा कूलर एका रात्रीत तीस-चाळीस लिटर सहज पितो. दोन खोल्यांत दोन लावले तर जवळजवळ एका माणसाच्या दिवसभराच्या पाण्याएवढं झालं. कूलरचं काम पाणी उडवूनच चालतं, त्यामुळे त्याला कमी पाजून गारवा मिळत नाही. एसी लावावा तर वीज कितीतरी पट जास्त. एसीच्या नळीतून पाणी मिळतं म्हणतात, ते मुंबईत. आपल्या कोरड्या हवेत रात्रभरात निम्मी बादलीही होत नाही.

म्हणून उष्णता आत येण्याआधीच अडवायचं ठरवलं. होळीनंतर गच्चीला चुना मारला. चुना, पांढरा सिमेंट, चिकटायला थोडा गोंद, लांब दांड्याचा ब्रश आणि दोन संध्याकाळी. सहाशे चौरस फुटांना सामान हजाराच्या आत आलं. दुपारी चुना मारलेल्या भागावर अनवाणी उभं राहता येतं, कडेच्या न मारलेल्या कोब्यावर पाय टेकवत नाही. पूर्वी रात्री अकरापर्यंत छत भट्टीसारखं तापलेलं असायचं, ते आता नऊला निवतं. कूलर उशिरा लागतो आणि पहाटे तीनलाच बंद करावा लागतो. सगळ्या उपायांत पैसे वसूल झाल्याचं समाधान इथे मिळालं. दरवर्षी परत मारावा लागेल, पावसाने बराचसा धुऊन गेला.

पावसाचं सांगते. गच्चीचं पाणी गोळा करायचं म्हटल्यावर शेजारचे भाऊजी म्हणाले, "काय ओ वहिनी, सोलापुरात पाऊस कुठाय?" आहे की. वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर. आमची गच्ची छप्पन्न चौरस मीटर, म्हणजे तीस हजार लिटर. उडालेलं-सांडलेलं सोडून चोवीस हजार धरा. मोठे अडीच टँकर झाले. अडचण अशी की आपला पाऊस विभागून पडत नाही. जून-जुलै नुसते ढग, आणि सप्टेंबरात चार झडींत सगळं. पाचशे लिटरची एक टाकी पंधरा मिनिटांत भरते आणि उरलेलं वाहून जातं. साठवायला मोठी टाकी घ्यायची तर वर्षातले नऊ महिने ती रिकामी.

त्यामुळे साठवण छोटी ठेवली आणि जास्तीचं पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरला सोडलं. बोअरला पाणी किती वाढलं हे इतक्यात सांगता येणार नाही. आपल्याकडे खाली काळा पाषाण, भेगा असतील तिथेच पाणी मुरतं, आणि मुरलेलं आपल्याच बोअरला येईल याचीही हमी नाही. चुन्याच्या गच्चीचं एक पथ्य: पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी पांढरट उतरतं, ते गाळणीत येऊ द्यायचं नाही. त्यासाठी उभ्या पाइपला खाली झाकण असलेला फाटा ठेवलाय. पुढचं पाणी मात्र इतकं मऊ की साबण निघता निघत नाही. सासूबाई डोक्यावरून त्याच पाण्याने आंघोळ करतात.

आरओबद्दल. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर फेकलं जातं. आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. भारतीय मानकात पाचशेपर्यंत पिण्याला चालतं. आमच्याकडे नळाचं पाणी त्याच्या आत आलं, टँकरचं बाहेर. आता नळाच्या पाण्याला साधी गाळणी आणि उकळणं, आरओ फक्त टँकर आला तर. त्याचं टाकाऊ पाणी फरशीला. झाडांना घालू नका, क्षार साठून कुंडीच्या कडेला पांढरी पुटं धरतात आणि कढीपत्ता आधी मान टाकतो.

झाडांना भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी जातं. मोठ्या दोन कुंड्यांत मडकं पुरलंय, तोंडावर पणती. मडकं नवीनच हवं; माठात पाणी गार होईनासं झालं म्हणून तोच पुरला तर त्याची छिद्रं बुजलेली असतात, पाझरत नाही. मातीवर शेंगांची टरफलं पसरली. सोलापुरात टरफलांना तोटा नाही. मे महिन्यात रोजचं पाणी दोन दिवसांआडवर आलं.

भांड्यांचं श्रेय भांडी घासणाऱ्या मावशींचं. दोन घमेली, एकात खळबळायचं, दुसऱ्यात निथळायचं, ही पद्धत त्यांचीच. त्यांच्या घरी सार्वजनिक नळ होता तेव्हापासूनची. आम्हीच सिंक बांधून त्यांना धारेखाली भांडी घासायला लावलं होतं.

बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरच्या पंख्यांनी पाणी वाचत नाही, पण वीज वाचते: पंचाहत्तर वॅटच्या जागी तीस. पंधरा तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे वीस युनिट, आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टर जास्त टिकतो. ओल्या कचऱ्याचं खत छान होतं. पावसाळ्यात अळ्या झाल्या, वाळका पाला दुप्पट घातल्यावर गेल्या.

"एवढं कशाला?" असं विचारणारे भेटतात. 2024 च्या उन्हाळ्यात आपल्याला पाणी देणारं उजनी धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. 117 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) धरणात वापरायचा साठा साडेत्रेपन्नच्या आसपास. तो संपला की आकडा उणे होतो आणि मृतसाठ्यातून, म्हणजे तळच्या पाण्यातून, उपसा. ते पाणी शंभर किलोमीटरहून लांबून आपल्यापर्यंत येतं आणि वाटेत जरा काही बिघडलं की चारचे सहा दिवस होतात. गेल्या मेमध्ये आमच्या भागात तसं झालं तेव्हा गल्लीत टँकर आले. आमचा हौद सहाव्या दिवशी दुपारी दीड खाचेवर होता, पण टँकर बोलवावा लागला नाही.

कुणाला करायचंच असेल तर गच्चीचा पाइप आणि गाळणी मे महिन्यातच उरकून घ्या. पहिली सर पडली की प्लंबर फोन उचलत नाहीत.