पैदाशीचा बोकड घेताना मी फसलो, तुम्ही फसू नका

आमचं गाव लातूर जिल्ह्यात. घरी २२ उस्मानाबादी शेळ्या आहेत. पिल्लं लवकर वजनावर यावीत म्हणून गेल्या वर्षी पैदाशीचा एक बोकड ३८,००० रुपयांना घेतला. विकणाऱ्यानं आधी मोबाईलवर व्हिडिओ पाठवला होता. काट्यावर ४८ किलो. "वय दहा महिने, जुळ्यातला आहे, याची पिल्लं बघतच राहाल," म्हणाला. दहा महिन्यांत ४८ किलो ऐकूनच माझी अक्कल गेली. आमच्या जातीचा पूर्ण वाढलेला नरसुद्धा साधारण ३५ किलोच्या आसपास भरतो!

माझे वडील हाळी-हंडरगुळीच्या बाजारात ओठ उचलून दात बघितल्याशिवाय बैलाची किंमतसुद्धा विचारत नसत. मी बोकडाचं तोंड उघडलंच नाही. चार महिन्यांनी डॉक्टर लसीकरणाला आले, त्यांनी बघितलं: चार दाती, म्हणजे चार कायमचे दात आलेले. म्हणजे दोन वर्षांच्या आसपासचा; मी घेतला तेव्हाही दीड वर्षाच्या पुढचाच. दहा महिन्यांचा बोकड आदतच असतो, दुधाचे दातसुद्धा पडलेले नसतात. मग चौकशी केली तेव्हा कळलं, बकरी ईदसाठी मका आणि पेंड चारून फुगवलेला, न विकलेला माल होता तो.

खरं नुकसान पुढे झालं. शेळी पाच महिने गाभण, त्यानंतर पिल्लं तीन महिन्यांची होईपर्यंत वाट बघायची. सुदैवानं सहा शेळ्या जुन्या बोकडाकडूनच भरवल्या होत्या. एकच गोठा, एकच चारा. तीन महिन्यांना वजन केलं; एकुलती पिल्लं एकुलत्यांशी, जुळी जुळ्यांशी ताडून बघितली. दोन्ही बोकडांच्या पिल्लांत फरक नाही. बोकडाच्या अंगावरचं वजन खुराकाचं होतं, ते पिल्लांत कसं उतरणार? वर्ष वाया गेलं याचा मला आजही त्रास होतो.

विकणाऱ्याचा फोन बंद आहे.

म्हणून सांगतो, ४८ किलोच्या आकड्याला भुलू नका. जन्मतारीख आणि तीन व सहा महिन्यांचं वजन वहीत लिहिलेलं आहे का ते विचारा. त्याच वेळी जन्मलेली, तोच चारा खाल्लेली बाकीची पिल्लं किती भरली तेही बघा. आई दाखवायला सांगा. दोन्ही वृषण सारखे, भरलेले आहेत का ते हातानं तपासा. लाजू नका.

या वेळी शेजारच्या गावातून ११ महिन्यांचा, २६ किलोचा आदत बोकड आणला. त्याची आई दावणीला बघितली, दोन पिल्लं पाजत होती.